उसाच्या गाडीच्या बैलाचे हाल होताना दिसले तर काय करायचं

गाळप सुरू झालं की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या दिसायला लागतात आणि त्यातल्या काही बैलांकडे बघवत नाही, जू घासून खांदा सोललेला, तोंडाला फेस, चढावर पाय घसरतायत आणि वरून पराणीची आर (हाकायच्या काठीच्या टोकाचा खिळा) टोचली जातेय. नुसतं हळहळून पुढे जाऊ नका.

आधी गाडीवानाशी बोला, भांडण नको. तो बऱ्याचदा बीडकडून आलेला ऊसतोड कामगार असतो, मुकादमाची उचल (मजूर पुरवणाऱ्याकडून आगाऊ घेतलेले पैसे) डोक्यावर, घरच्यांची भाकरी त्याच बैलांवर, त्याला चारचौघांत मारलं किंवा शिव्या दिल्या तर बैलाचं काहीच भलं होत नाही. "दादा, जरा थांबा, बैल लई दमलाय, पाणी पाजूया" असं म्हणा आणि खरंच बादली आणा. गाडी सावलीला घ्या. पण चाकांना दगड आणि गाडीला पुढून टेकू लावल्याशिवाय जू उतरवायचं नाही, भरलेली गाडी कलंडते.

बैल खाली पडला असेल तर त्याला शेपटी पिरगाळून उठवू देऊ नका. आडवा झाला असेल तर चार जणांनी मिळून छातीवर बसता करा आणि बाजूला पोती लावून आधार द्या, कारण जनावर आडवं राहिलं की पोट फुगतं. नरड्यात पाणी किंवा औषध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. स्वतःहून पीत असेल तरच पाणी द्या. लगेच 1962 या जनावरांच्या उपचारांच्या हेल्पलाइनला फोन लावा किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

दरम्यान कुणीतरी व्हिडिओ घ्या, त्यात जखम जवळून, आर, पूर्ण गाडी आणि जागा दिसली पाहिजे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, गाडी कारखान्यात गेली की काट्यावर वजन होतं, त्यामुळे किती माल लादला होता याची नोंद तिथे असते, तक्रारीत ती मागवायला लावा.

आता कायदा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे मारझोड, जास्त ओझं, जखमी जनावराला कामाला जुंपणं हे सगळं गुन्ह्यात येतं, पण पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणून पोलिस नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन मोकळे होतात. बैलाला कायमचं अधू केलं असेल किंवा तो मेला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लावायची मागणी करा, त्यात 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफआयआर घेत नसतील तर तीच तक्रार लेखी पोलिस अधीक्षकांकडे पाठवा. 1965 चे ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांचे नियमही सोबत जोडा: दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, पारा 37 च्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही, आणि टोकदार आर तर चालतच नाही.

पण माझ्या मते खरा जोर कारखान्यावर लावायला हवा, कारण एका गाडीवानावर केस करून दुसऱ्या दिवशी तेवढाच ऊस दुसऱ्या बैलावर लादला जातो. गावातल्या दहा-वीस सभासदांच्या सह्या घेऊन कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना पत्र द्या: हंगामाआधी बैलांची तपासणी, यार्डात पाण्याचे हौद आणि सावली, गाडीला मालाची मर्यादा. 2022 मध्ये इस्लामपूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी जुवाखाली बसवायचं आधाराचं चाक बनवलं होतं, त्याने मानेवरचा भार हलका होतो, तसं चाक आपल्या कारखान्याने गाड्यांना बसवून द्यावं ही मागणीही त्याच पत्रात घाला.