दोघांचा कोकणमुक्काम : एक घर, एक चूल, रोज एकच ठिकाण

कोकणात आठवडा-दहा दिवस राहायचे ठरले की बहुतेक जोडपी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची ठिकाणे कागदावर उतरवतात आणि रोज नव्या गावी मुक्काम टाकतात. नकाशावर किनारा सरळ दिसतो. प्रत्यक्षात मात्र दर थोड्या अंतरावर एखादी खाडी आडवी येते आणि तिला वळसा तरी घालावा लागतो, नाहीतर दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या ठिकाणी फेरीबोटीसाठी थांबावे लागते. अशा प्रवासात निम्मा दिवस गाडीत जातो आणि उरलेला सामान लावण्या-काढण्यात. त्यापेक्षा एक गाव निवडावे, तिथे स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे, सकाळी बाजार करावा आणि दिवसाला एकाच ठिकाणी जावे, हे या लेखाचे सांगणे आहे. उदाहरणासाठी मालवण घेतले आहे, कारण तिथे बाजार, किल्ला, खाडी, तलाव आणि एसटी स्थानक असे सारे हाताशी आहे. गुहागर, दापोलीजवळचे मुरूड किंवा वेंगुर्ले निवडले तरी पद्धत तीच राहते.

काळ निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे. एप्रिल-मे आंब्यासाठी उत्तम, पण दुपारी बाहेर पडवत नाही आणि चाकरमानी गावी आल्यामुळे घरे मिळत नाहीत. गणेशोत्सव आणि शिमगा हे दिवस ज्यांचे गाव कोकणात आहे त्यांच्यासाठी सोडावेत. रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात निसर्ग अप्रतिम असला तरी सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते आणि 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने बाजारात खाडीचे आणि सुके मासेच प्रामुख्याने दिसतात. मुंबईहून कोकणकन्या किंवा मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला उतरावे आणि तिथून एसटीने किंवा रिक्षाने मालवण गाठावे. आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. सुट्ट्यांच्या काळात ते त्याच दिवशी करणे शहाणपणाचे.

घर ठरवताना समुद्र किती जवळ आहे यापेक्षा बाजार किती जवळ आहे हे आधी पाहावे. समुद्र चालत जाऊन पाहता येतो, पण रोज सकाळी मासळी आणायला तीन किलोमीटर जावे लागले तर चौथ्या दिवशी तुम्ही हॉटेलात जेवाल. घरमालकांना फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पहिली, स्वयंपाकघरात मासे शिजवण्यास हरकत आहे का. किनाऱ्यावरच्या अनेक घरांत ती असते आणि तो त्यांचा हक्क आहे. दुसरी, गॅसची शेगडी आहे की केवळ इंडक्शन, कारण वीज गेली की इंडक्शनवर चहासुद्धा होत नाही. तिसरी, मिक्सर आणि खवणी आहे का. नारळ खवायला साधन नसेल तर कोकणी स्वयंपाक अडतो. भांडी बहुधा मिळतात. धारदार सुरी, चहाची गाळणी आणि डब्बे मात्र आपले न्यावेत.

दिवसाची आखणी घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवरून करावी. किनाऱ्यावर यासाठी जुना हिशेब आहे : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. सप्तमीला सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच, अर्थात पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत पहिल्या तिथीपासून नव्याने मोजायचे. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणूनच हा गुणाकार जमतो. दिनदर्शिकेवर तिथी असतेच. दोघांपैकी एकाने हे काम अंगावर घ्यावे. ओहोटीच्या वेळी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून पद्मगड या सिंधुदुर्गाजवळच्या छोट्या जलदुर्गाकडे चालत जाता येते, मात्र निघण्यापूर्वी तिथल्या मच्छीमारांना विचारावे आणि पाणी वळायच्या आत परत यावे. हिशेब अंदाजाचा आहे, समुद्र अंदाजाने चालत नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी पूर्ण सकाळ राखून ठेवावी. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर या जलदुर्गाचे काम सुरू केले आणि 1667 साली ते पूर्ण झाले. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी वास्तूंच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जेटीवरून होडीत बसताना परतीची मुदत विचारून घ्यावी, कारण ती साधारण तासाभराचीच असते आणि तेवढ्यात तटावरून फेरी, राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी एवढे सारे मावत नाही. उशिराच्या होडीने परतण्याची परवानगी आधीच मागितली तर गर्दी नसलेल्या दिवशी ती सहसा मिळते. महाद्वार समोरून दिसत नाही, दोन बुरुजांच्या कुशीत लपलेले आहे. होडी जवळ जाताना ते कुठे उघडते हे शोधत राहावे.

इतर दिवसांसाठी धामापूरचा तलाव पाहावा. 1530 साली बांधलेला हा तलाव मालवण-कुडाळ वाटेवर आहे, त्याच्या काठी भगवती मंदिर आहे आणि 2020 साली त्याला सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. बरोबर डबा न्यावा, काठावर कचरा टाकू नये. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे; जाण्यापूर्वी फोन केल्यास प्रयोग दाखवण्याची सोय होऊ शकते. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहायला एक दिवस द्यावा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम पाहण्यासारखा आहे. तिथल्या जलक्रीडांच्या गोंगाटाविषयी माझे मत फारसे चांगले नाही, पण सकाळी लवकर गेल्यास तो टळतो. हिवाळ्यात गावोगावी जत्रा असतात आणि रात्री दशावतारी नाटक होते. घरमालकांकडून जवळची जत्रा कळली तर ती रात्र जागावी आणि दुसऱ्या दिवशी कुठेही जाऊ नये.

जोडीने दीर्घ मुक्काम करताना एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी : प्रत्येक ठिकाणी दोघांनी जाण्याची गरज नाही. एकाला किल्ले आवडतात, दुसऱ्याला ओसरीवर वाचत बसायला आवडते. एकाने बाजारात जावे, दुसऱ्याने तोवर नारळ खवून ठेवावा. सलग दहा दिवस चोवीस तास एकत्र राहण्याची सवय शहरात नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोला नसते. एक दुपार वेगवेगळी घालवली की रात्रीच्या जेवणाला एकमेकांना सांगण्यासारखे काही असते.

आता चुलीकडे वळू. बाजारात मासे विकणाऱ्या बायका बांगडे, तारली, पेडवे असे छोटे मासे वाट्यावर विकतात. ‘मावशी, आज काय गावला?’ असे विचारून सुरुवात केली की त्या चांगला मासा स्वतःच पुढे करतात. कल्ले लाल, डोळे चकचकीत आणि बोटाने दाबलेला मांसल भाग लगेच वर येणारा मासा ताजा. एका वेळेपुरताच घ्यावा आणि तिथेच साफ करून घ्यावा. पापलेट-सुरमईच्या मागे लागू नये. बांगडा स्वस्त, चविष्ट आणि नवशिक्याला माफ करणारा असतो.

बांगड्याचे तिखले दोघांसाठी असे करावे. तीन-चार बांगड्यांचे तुकडे मीठ-हळद लावून ठेवावेत. मूठभर ओले खोबरे, सहा-सात भिजवलेल्या बेडगी मिरच्या आणि चमचाभर धणे बारीक वाटावेत. पसरट भांड्यात वाटण, चार-पाच आमसुले आणि अगदी थोडे पाणी घालून उकळी आणावी. पाच-सहा तिरफळे (माशांच्या कालवणात घालतात ती झणझणीत वासाची सुकी फळे) बिया काढून नुसती ठेचून टाकावीत. ती वाटणात वाटली तर कडवटपणा येतो. मग तुकडे सोडून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवावे. पळी घालून ढवळू नये, भांडेच फडक्याने धरून हलवावे. शेवटी चमचाभर खोबरेल तेल कच्चेच सोडावे.

ज्या दिवशी मासे नसतील किंवा दमून परत याल त्या दिवशी कुळथाची पिठी करावी. तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि हळद यांची फोडणी करून तीन कप पाणी ओतावे, त्यात मीठ आणि तीन आमसुले टाकावीत. चार मोठे चमचे कुळथाचे पीठ थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे, उकळत्या पाण्यात ढवळत ओतावे आणि सहा-सात मिनिटे शिजू द्यावे. निवल्यावर ती दाट होते, म्हणून पातळच उतरवावी. सोबत उकड्या तांदळाचा भात हवा. हा तांदूळ नेहमीच्या तांदळापेक्षा जास्त पाणी आणि जास्त वेळ मागतो. त्याचीच पातळ पेज सकाळी दहाच्या सुमारास लोणच्याबरोबर घेतली तर दुपारपर्यंत भूक लागत नाही आणि भटकंतीला निघताना हॉटेल शोधावे लागत नाही. सोलकढीसाठी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर आधी चाखून पाहावे, कारण त्यात मीठ असतेच.

निघण्याच्या आदल्या दिवशी बाजारातून कुळथाचे पीठ, आमसुले, तिरफळे आणि बचत गटाच्या दुकानातला मालवणी मसाला घ्यावा. आगळाची बाटली काठोकाठ भरलेली घेऊ नये आणि ती कपड्यांच्या पिशवीत ठेवू नये. झाकण सैल निघाले तर तो गुलाबी डाग धुऊन जात नाही. उरलेला तांदूळ, तेल आणि मसाला घरमालकांना विचारून स्वयंपाकघरात ठेवावा, गॅसचा आणि विजेचा हिशेब रात्रीच पुरा करावा, आणि सकाळची गाडी असेल तर कुडाळपर्यंतची रिक्षा आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावी, कारण पहाटेच्या एसटीची वेळ ऋतूप्रमाणे बदलू शकते.