फोन केला की गाडी: गावाकडे अशी सेवा ट्रायलवर सुरू करताय? मग या चुका टाळा

शहापूर आणि मुरबाडच्या आतल्या कितीतरी पाड्यांवर दिवसाला एसटीच्या एकदोन फेऱ्या येतात, काही ठिकाणी त्याही नाहीत, मग लोक दोनतीन किलोमीटर चालत मेन रोडला येतात आणि जीपची वाट बघत उभे राहतात. हे आपल्याच ठाणे जिल्ह्यात. अशा ठिकाणी मोठी बस दिवसभर रिकामी फिरवणं आगाराला परवडत नाही हे मान्यच आहे, म्हणून छोटी गाडी ठेवायची, लोकांनी फोन करून सीट मागायची, ज्यांनी मागितली त्यांच्या पाड्यावरून गाडीने जायचं, ही ऑन डिमांडची कल्पना बऱ्याच जणांना पटते. मलाही पटते. इंग्लंडमध्ये लिंकनशायर नावाचा शेतीवाडीचा भाग आहे, तिथे कॉलकनेक्ट नावाची अशी सेवा २००१ पासून फोनवर बुकिंग घेऊन चालूय.

पण ट्रायलवर सुरू होऊन वर्षा-दोन वर्षांत गुंडाळलेल्या सेवाही भरपूर आहेत, आणि चुका बघायला गेलं तर त्या गाडी रस्त्यावर यायच्या आधीच, सुरुवातीच्या मीटिंगमध्येच होऊन गेलेल्या असतात. गाडी कुठली घ्यायची, अ‍ॅप कोण बनवणार यावर तासन् तास चर्चा आणि सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी कसा पोचणार यावर पाच मिनिटं पण नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

न्यायची सोय केली, आणायची राहिली

डोळखांबकडच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी अकरावीला शहापूरला जाते असं धरा. सकाळी गाडी मिळाली, कॉलेज दुपारी सुटलं, आता परत यायला फोन केला तर उत्तर येतं की गाडी दुसऱ्या बाजूला गेलीय, दोन तासांनी बघा. महिन्यातून दोनदा जरी असं झालं तरी घरचे तिला पाठवायचं बंद करतील, आणि त्यांचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही, अंधार पडल्यावर रानातल्या रस्त्याने पोरीने एकटीने यायचं तर कुठले आईबाप तयार होतील? उपजिल्हा रुग्णालयात ओपीडीला गेलेल्या बाईचंही तेच, नंबर कधी लागेल हे तिच्या हातात नसतं. कल्याण-ठाण्याहून काम करून कसारा लोकलने आसनगावला उतरणाऱ्याचंही तेच, लोकल वीस मिनिटं लेट झाली की गाडी निघून गेलेली.

गावात मुक्कामी एसटीला एवढा मान का आहे बघा. रात्री गाडी येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, पहाटे तीच गाडी निघते. दिवसाला एकच फेरी, पण ती येणार हे पोराटोरांना पण माहिती असतं आणि लोक आपली कामं तिच्यावर लावतात. तुमची नवी गाडी कितीही सोयीची असली तरी हा भरवसा तिने नव्याने कमवायचाय.

मग करायचं काय, तर जायचं बुकिंग घेतानाच परतीची सीट लिहून टाकायची, वेळ मागेपुढे झाली तरी सीट जाऊ द्यायची नाही. संध्याकाळची शेवटची फेरी बुकिंग असो नसो निघालीच पाहिजे, ती कुठल्या लोकलला जोडलीय हे आधी जाहीर करायचं आणि ती लोकल प्लॅटफॉर्मला लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गाडी बंद पडली, ड्रायव्हर आजारी पडला तर अडकलेल्या माणसाला रिक्षाने नाहीतर जीपने घरी सोडायचं, ते भाडं सेवेने भरायचं, त्यासाठी पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढलेले असायला हवेत. आमच्याकडच्या विरळ वस्तीला सकाळ-संध्याकाळ ठरलेलं टाइमटेबल आणि मधल्या वेळेत मागणीप्रमाणे गाडी अशी मिक्स पद्धतच झेपेल असं मला वाटतं. दिवसभर सगळंच मागणीवर ठेवलं तर शाळा-कॉलेजवाले आणि नोकरीवाले पहिल्याच महिन्यात सुटतात.

ट्रायल तीन महिन्यांची, तीही सोयीच्या महिन्यांत

जानेवारीत सुरू करायचं, मार्चएंडला रिपोर्ट द्यायचा. रस्ते कोरडे, गाडी वेळेवर, फोटो चांगले येतात. पण दिवाळीनंतर इथली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात ती पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणजे ज्या वाड्यांना गाडीची सगळ्यात जास्त गरज त्या वाड्या तुमच्या ट्रायलमध्ये अर्ध्या रिकाम्या. त्यात पौषात म्हशाची यात्रा आली की मुरबाडच्या बाजूला अशी गर्दी होते की तेवढे आठ-दहा दिवस धरून काढलेला हिशोब वर्षभरासाठी काही कामाचा नाही. मग जूनमध्ये शाळा सुरू होतात, लावणी सुरू होते, मोरीवरून पाणी जायला लागतं, आणि खरी परीक्षा तेव्हा असते.

म्हणून निदान बारा महिने. तेवढे पैसे नसतील तर पाडे कमी करा, महिने कमी करू नका.

वेळांचंही असंच. अमेरिकेत कॅन्सस सिटीला २०१६ मध्ये ब्रिज नावाच्या कंपनीबरोबर अशाच मागणीवरच्या गाड्यांची वर्षभराची ट्रायल झाली, गाड्या फक्त ऑफिसच्या वेळेत आणि ठराविक भागातच फिरायच्या, वर्षभरात मिळून दीड हजाराच्या आसपासच प्रवास झाले. ते तर शहर होतं. गावात दुपारची वेळ म्हणजे दवाखाना, बँक, रेशन, तहसीलची कामं, आठवडी बाजार, ही वेळ सोडून चालत नाही. आधी दोन आठवडे नाक्यावर उभं राहून कोण कधी कुठे जातंय ते लिहून काढा, बायकांना वेगळं विचारा, कारण ग्रामसभेत गाडीची वेळ पुरुष सांगतात आणि गाडीची वाट बघत जास्त करून बायका उभ्या असतात.

नवी गाडी आली म्हणून जुनी फेरी बंद

हे कृपा करून करू नका. छोटी गाडी सुरू झाली की कुणाला तरी वाटतं आता मोठी फेरी कशाला, ती दुसरीकडे वळवू. मग ट्रायलचे पैसे संपतात, छोटी गाडी जाते आणि एकदा काढलेली फेरी परत मिळवायला गावाला निवेदनं देत फिरावं लागतं. ट्रायल चालू असेपर्यंत आधीची एकही फेरी कमी होणार नाही हे आगाराकडून लेखी घ्या, आणि वेळा एकमेकांना पूरक ठेवा, एसटी सात वाजता असेल तर तुमची गाडी पावणेसातला नको.

बुकिंग फक्त अ‍ॅपवर

स्मार्टफोन घरात एक असतो आणि तो बहुतेक वेळा कामावर गेलेल्या माणसाकडे. घाटाच्या बाजूला रेंज कधी येते कधी जाते. साधा नंबर ठेवा, मिस्ड कॉल दिला की उलट फोन करा, आणि फोनवर बोलणारा माणूस तालुक्यातलाच हवा, ज्याला कुठला पाडा रस्त्याच्या अलीकडे आणि कुठला ओढ्यापलीकडे हे सांगावं लागत नाही. पाड्यावरचं किराणा दुकान, आशाताई, ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर ऑपरेटर यांच्यामार्फत पण बुकिंग घ्या, आणि त्यांना प्रत्येक बुकिंगमागे काहीतरी पैसे द्या, फुकटात हे काम त्यांच्या गळ्यात मारणं बरोबर नाही. अ‍ॅप असू दे, तरुण पोरं वापरतील, पण आतली यादी एकच हवी, नाहीतर फोनवाल्याची सीट अ‍ॅपवाल्याला दिली जाते आणि रस्त्यावर भांडणं होतात.

आदल्या दिवशीच बुकिंग करा हा नियम पण अर्धाच चालतो. सकाळच्या फेरीला आदल्या संध्याकाळपर्यंतची मुदत ठीक, पण मूल तापाने फणफणलंय त्या आईला आदल्या दिवशी कसं कळणार? दर फेरीत दोन सीट शेवटच्या तासापर्यंत मोकळ्या ठेवा.

गाडी सुरू झाल्यावर येणाऱ्या अडचणी

बुकिंग करून माणूस येतच नाही, ही तक्रार सगळीकडे असते. लगेच दंड लावू नका. बऱ्याचदा फोन बंद असतो, नाहीतर थांबा कुठला हेच नीट कळलेलं नसतं. निघायच्या आधी कन्फर्म करायचा फोन, थांब्यावर पाच मिनिटं थांबायचा नियम, आणि थांब्याचं नाव गावात जे बोलतात तेच, मॅपवर काय लिहिलंय ते सोडून द्या.

गाडी रोज उशिरा येतेय तर ड्रायव्हरला ओरडण्याआधी वेळ कुणी ठरवली ते तपासा. सॉफ्टवेअर मॅपवरचा जवळचा रस्ता पकडतं, तो रस्ता पावसात पाण्याखाली असतो नाहीतर खड्ड्यांतून पंधराच्या स्पीडने जावं लागतं. जुलैमध्ये स्वतः गाडीत बसून प्रत्येक टप्प्याची वेळ लिहा आणि त्या वेळा सिस्टीममध्ये टाका. कुणालाही घ्यायला किती वळसा घालायचा याची पण मर्यादा हवी, गाडीत आधीच बसलेल्या माणसाची लोकल चुकली तर तो उद्या येणार नाही.

फोनवर नकार द्यावा लागतोय? प्रत्येक नकार लिहून ठेवा, कुठला पाडा, किती वाजता, कशासाठी. बसलेल्या माणसांचे आकडे सगळेच मोजतात, पण फेरी कुठे वाढवायची हे नकाराच्या वहीतून कळतं.

जीपवाल्यांना बाहेर ठेवणं

इतकी वर्षं ज्या लोकांनी जीप, मॅजिक, इको चालवून या भागाची ने-आण केली, एसटीच्या संपात तर बऱ्याच गावांना तेवढाच आधार होता, त्यांना वगळून बाहेरची गाडी आणली तर विरोध होणारच आणि त्यात त्यांचा पोटाचा प्रश्न आहे. त्यांनाच काँट्रॅक्टवर घ्या. रस्ता त्यांना पाठ, माणसं ओळखीची, रात्री गाडी गावातच राहते त्यामुळे रिकामी धाव पण वाचते. मात्र लायसन, फिटनेस, इन्शुरन्स यात सूट नको आणि सीटपेक्षा जास्त माणसं नकोत, या दोन गोष्टींवर अजिबात ढिलं पडू नका.

पैसे कसे देणार हे पण नीट ठरवा. प्रवाशामागे पैसे दिले तर गाडी भरल्याशिवाय हलत नाही. नुसते किलोमीटरवर दिले तर रिकामी पळवली तरी बिल तेवढंच. दिवसाची ठरलेली रक्कम, वर प्रत्यक्ष किलोमीटरचं डिझेल, आणि वेळेवर फेऱ्या केल्या तर थोडे जास्त, असं काहीतरी जुळवा.

आणि परमिट आधी बघा. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये टप्पा वाहतूक (एसटीसारखी, थांब्याथांब्याला माणसं घेत सुटं तिकीट देणारी) वेगळी आणि कंत्राटी वाहतूक (अख्खी गाडी ठरवून घेतलेली) वेगळी, कंत्राटी परमिटच्या बसला वाटेत कुणालाही घेत-सोडत सुटं तिकीट फाडता येत नाही. सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवाशांची गाडी मॅक्सीकॅब धरली जाते, तिची व्याख्या वेगळी, म्हणून गाडीचा साइज ठरवायच्या आधी आरटीओत जाऊन बसा. गाड्या घेऊन मग परमिटसाठी धावाधाव केली तर ट्रायलचे महिने तिथेच जातात.

तिकीट आणि यशाचा खर्च

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे. तुमच्या गाडीत याच लोकांना पूर्ण तिकीट लावलं तर आजी दोन तास एसटीची वाट बघेल पण तुमच्या गाडीत बसणार नाही, आणि तुम्ही रिपोर्टमध्ये लिहाल की मागणी नाही. सवलती तशाच ठेवा, विद्यार्थ्यांचा पास चालवा, आणि त्याची भरपाई कोण देणार हे सुरू करण्याआधी लिहून घ्या.

अशा सेवेत बहुतेक ठिकाणी एका गाडीत तासाला दोन ते पाच माणसं बसतात, यापेक्षा फार वर जात नाही कारण गाडी वळसे घेत फिरते. समजा गाडीचा तासाचा खर्च ५०० रुपये आणि माणसं ४, म्हणजे माणशी १२५, तिकीट २५ घेतलं तर १०० रुपये कुठून तरी यायला हवेत. माणसं वाढली की गाड्या वाढवाव्या लागतात आणि तूट पण वाढते, हे वरच्या लोकांना आधीच स्पष्ट सांगा. कॅनडात इनिसफिल नावाच्या गावाने २०१७ मध्ये बस सुरू करण्याऐवजी उबरच्या भाड्यात अनुदान द्यायला सुरुवात केली, लोकांनी इतकं वापरलं की २०१९ मध्ये भाडं एक डॉलरने वाढवून महिन्याला ३० प्रवासांची मर्यादा घालावी लागली. फिनलंडमधल्या हेलसिंकीत कुत्सुप्लुस नावाची अशीच सेवा २०१२ ला सुरू झाली, पंधरा छोट्या बसपर्यंत पोचली, अजून वाढवायला पैसे हवे होते ते मिळाले नाहीत आणि २०१५ च्या शेवटी बंद. लोकांना ती आवडत होती तरी.

त्यामुळे यश कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. माणशी खर्च हा एकच आकडा ठेवला तर पाड्यांची गाडी शहराच्या बसपुढे कायम हरणार. किती मुली अकरावी-बारावीला टिकल्या, तपासणीला वेळेवर किती गरोदर बायका पोचल्या, परतीला किती जण अडकले, हे मोजा, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीचे आकडे पण घेऊन ठेवा, नंतर ते मिळत नाहीत.

ट्रायल संपल्यावर काय, हे शेवटच्या आठवड्यात ठरवणं

दहावीचा निकाल लागला की घरात ठरतं पोरीला पुढे कुठे घालायचं, आणि गाडी आहे म्हणून शहापूरच्या कॉलेजात ॲडमिशन घेतलेल्या मुलीची गाडी ऑक्टोबरमध्ये बंद झाली तर तिचं ते वर्ष गेलं. पुढे चालवायचं की नाही हा निर्णय एप्रिलपर्यंत घ्या, बंद करायचं असेल तरी चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या ठेवा, आणि जे काही ठरलंय ते तारखेसकट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर आणि शाळेत लावा.