खाऱ्या वाऱ्यातलं घर: बाहेरच्या प्लास्टरच्या या चुका टाळा

आमच्या दापोलीकडच्या घराची पश्चिमेची भिंत मी नऊ वर्षांत तीनदा रंगवून घेतली. पहिल्या दोन्ही वेळी दुसरा पावसाळा सरला तसे पोपडे सुटले आणि दोन्ही वेळी मी रंगाला शिव्या घातल्या. रंगाचा काही दोष नव्हता. भिंत आतून ओली होती आणि मी तिचं तोंड बांधून टाकलं होतं.

कोकणात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. अडीच-तीन हजार मिलिमीटर, आणि तोही सरळ पडत नाही. वारा नैर्ऋत्येचा, त्यामुळे झड येते ती दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर. वाऱ्यातून मीठ तर बारा महिने येतंच. हे पाणी आणि मीठ भिंतीत शिरणं कमी करता येतं, पण पुरतं थांबवता येत नाही. म्हणून शिरलेलं पाणी सुकून बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका ती वाट बुजवण्याच्याच आहेत.

गणपतीच्या आत रंग उरकून घेणे

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात समजण्यासारखी चूक. मुंबईहून माणसं येणार, घर बरं दिसायला हवं, म्हणून श्रावणात जरा उघडीप पडली की रंगारी बोलावला जातो. दोन दिवसांच्या उन्हात भिंत वरवर कोरडी दिसते. पण आतलं वीस मिलिमीटरचं प्लास्टर आणि त्यामागचा चिरा, म्हणजे जांभा दगड, जूनपासून पाणी पीत असतो. त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात चढवले की ते पाणी आत अडकतं. मग ऑक्टोबरचं ऊन तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि रंग फुगतो. फुगा फोडून बघा, आत पाण्याचा थेंब सापडेल.

गणपतीला हवं तर आतल्या खोल्या रंगवा. बाहेरचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. आणि तेव्हाही आधी भिंतीला विचारा: हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस-रात्र भिंतीवर ठेवा. आतल्या अंगाला दव धरलं तर अजून थांबायचं.

“मग मे महिन्यात काढू, सुट्टीच असते,” असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या विहिरीचं पाणी चाखावं. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. आमच्याकडे एकदा गवंड्याने त्याच पाण्यात माल कालवला आणि वर आठवडाभर तेच पाणी मारलं. मीठ बाहेरून यायची गरजच उरली नाही. वाळूचंही तेच. खाडीची वाळू स्वस्त पडते, पण मूठभर वाळू ग्लासभर गोड्या पाण्यात ढवळा, पाणी निवळू द्या आणि जिभेच्या टोकाला लावून बघा. खारट लागलं तर गाडी परत पाठवायची. शिवाय मेच्या उन्हात नवीन प्लास्टर इतक्या भराभर सुकतं की बारीक तडे जातातच. करावंच लागलं तर भिंतीवर ओलं गोणपाट सोडा आणि निदान सात दिवस ते सुकू देऊ नका.

लोणा पाण्याने धुणे

भिंतीवर पांढरी पूड किंवा कापसासारखी लव दिसते तो लोणा. पाणी सुकताना विरघळलेलं मीठ मागे राहतं, प्लास्टरच्या छिद्रांत त्याचे खडे वाढतात आणि आतून कण कण ढिले करतात. भिंत पावसात भिजते, पण भुगा पडतो तो सुकताना, तो यामुळे. लोणा दिसला की लोक पाइप लावून भिंत धुतात. मीठ विरघळतं आणि निम्मंशिम्मं पुन्हा आत जातं. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरा, पडलेली पूड घरापासून लांब टाका. दर पंधरा दिवसांनी, दोन-तीन महिने. कंटाळवाणं आहे खरं. पण अ‍ॅसिड लावण्याचा सल्ला देणारा भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, कारण अ‍ॅसिड सिमेंटही खातं आणि मागे आणखी क्षार ठेवून जातं.

जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंट

आजोबांच्या काळातली चिऱ्याची भिंत, आत मातीची किंवा चुन्याची जुळणी, वर चुन्याचा गिलावा. किनाऱ्यावर शिंपल्या भाजूनही चुना करत. हा गिलावा मऊ असतो, दर दिवाळीला त्यावर चुन्याचा हात फिरवावा लागतो, म्हणून लोक तो पाडून सिमेंटचा कडक थर देतात. मग जोत्यातून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि आणखी वर चढते. तीन फुटांपर्यंत सिमेंटची पट्टी मारलेली घरं बघा. ओलीचा डाग बरोबर पट्टीच्या वर दिसतो. अशा भिंतीला चुनाच हवा: भिजवून मुरवलेल्या चुन्याच्या एका भागाला तीन भाग वाळू, वरून चुन्याचीच सफेदी. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळवणं हेच आता खरं अवघड काम आहे.

ओल खालीच असेल तर भिंतीच्या आधी पावळीकडे, म्हणजे छपराचं पाणी पडतं त्या जागेकडे बघा. पागोळ्या तांबड्या मातीवर आपटतात आणि भिंतीवर फूट-दीड फुटापर्यंत लाल शिंतोडे उडतात. तिथे वीतभर खोल चर खणून खडी भरली की निम्मं दुखणं जातं. खर्च खडीच्या दोन-चार पाट्यांचा.

प्रत्येक तड्यात पुट्टी भरणे

केसासारखे तडे रंगाच्या आधी भरले की पुरे. स्लॅबच्या घरात बीम आणि भिंतीच्या सांध्यावर आडवा तडा जातो, तो दर उन्हाळ्यात हलतो. तिथे जाळी लागते. लोखंडी कोंबडी जाळी इथल्या हवेत गंजते, फायबरची घ्या. आणि तड्यातून तपकिरी ओघळ आला असेल तर ते प्लास्टरचं दुखणंच नाही. आतली सळई गंजतेय. गंज लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो. वरून माल थापला तर एखाद-दोन पावसाळ्यांत तो तुकड्यासकट खाली येईल, आणि छज्जाखाली कोण उभं असेल सांगता येत नाही. सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून, घासून, गंजरोधक लावून मगच भरायचं. सळई फारच बारीक झाली असेल तर इंजिनिअरला दाखवा.

बाकी किरकोळ. भिंत हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. बद्द वाजेल तिथलं प्लास्टर सुटलंय, तेवढं काढा, अख्खी भिंत नको. शेवाळावर जोराचा जेट मारू नका, सँडफेसची, म्हणजे खरखरीत प्लास्टरची, वाळू निघून येते. मऊ ब्रश आणि शेवाळ मारायचं औषध बस्स. ब्लीचिंग पावडर स्वस्त खरी, पण मागे क्षार सोडते. छज्जाच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी बोटभर खाच असते, ती रंगारी दर वेळी भरून टाकतो; त्याच्या मागे उभे राहा.

आणि झडीसाठी निळं प्लास्टिक बांधताना ते भिंतीला चिकटवू नका. पूर्वी झावळ्यांचे झाप बांबूवर, भिंतीपासून हातभर लांब बांधत, मधून वारा खेळायचा. मी एका पावसाळ्यात ताडपत्री खिळ्यांनी भिंतीलाच ठोकली होती. सप्टेंबरात सोडली तेव्हा मागे काळी बुरशी होती आणि प्रत्येक खिळ्याखाली गंजाचा एक ओघळ.