मित्रांची लहान मुले शनिवार-रविवार सांभाळायची असल्यास

आजी-आजोबा गावी आहेत, मुलांच्या आई-वडिलांना परगावी एखाद्या लग्नाला किंवा कार्याला जाणे भाग आहे आणि म्हणून शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत मुले तुमच्याकडे राहणार आहेत, असा प्रसंग शहरात राहणाऱ्या तरुण जोडप्यांवर आता वरचेवर येतो. स्वतःला अजून मूल नसेल, तर हौस भरपूर आणि सराव मुळीच नाही, अशी स्थिती असते. पुढील मार्गदर्शन अशाच जोडप्यासाठी आहे. सोयीसाठी एक मुलगी चार वर्षांची आणि तिचा भाऊ दीड वर्षाचा आहे, असे धरले आहे.

कोणाच्या घरी राहायचे, ते आधी ठरवा

शक्य असेल तर मुलांना आपल्याकडे आणण्याऐवजी तुम्ही दोघांनीच त्यांच्या घरी मुक्कामाला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे खिडक्यांना जाळ्या असतात, औषधे उंचावर ठेवलेली असतात, मुलांचे अंथरूण, भांडी, खेळणी आणि शेजारी ओळखीचे असतात, आणि आई-वडील नसताना निदान भिंती तरी त्याच आहेत, याचा लहान मुलांना मोठा आधार वाटतो.

तुमच्याच घरी राहायचे असेल, तर आदल्या दिवशी गुडघ्यांवर रांगत सगळे घर पाहून घ्या, कारण उभ्या माणसाला जे दिसत नाही ते त्या उंचीवरून दिसते: प्लगला लावलेली डास पळवण्याच्या औषधाची बाटली, ओट्याखालचे फिनेल, टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, पर्समधल्या गोळ्या. घड्याळात आणि रिमोटमध्ये असणारे बटणासारखे चपटे सेल विशेष जपून ठेवा. असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, म्हणून नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे. न्हाणीघरातल्या सर्व बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, कारण दीड वर्षाचे मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. बाल्कनीच्या कठड्याजवळ खुर्ची, स्टूल किंवा कुंडी ठेवू नका.

आई-वडिलांकडून लेखी माहिती घ्या

फोनवरचे बोलणे लक्षात राहत नाही, म्हणून एक कागद करून घ्या. त्यावर जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा, चालत नसलेले पदार्थ, ॲलर्जी, दोघांची वजने, नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक आणि गरज पडल्यास उपचारांना संमती असल्याचे दोन ओळींचे सहीनिशी पत्र असावे. लसीकरणाची फाइल आणि विम्याच्या कार्डाची प्रतही मागून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.

तापाच्या औषधाबाबत विशेष काळजी हवी. पॅरासिटामॉलचे प्रमाण वयावर नव्हे, तर वजनावर ठरते; साधारणपणे दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर. परंतु याची सिरपे वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात आणि लहान बाळांचे थेंब त्याहूनही तीव्र असतात, त्यामुळे ‘एक चमचा द्या’ एवढ्या सूचनेवर विसंबू नये. आई-वडिलांनी तीच बाटली देऊन, मोजमापाच्या टोपणावर खूण करून, किती मिलिलिटर द्यायचे ते लिहून द्यावे. तुम्ही मात्रा दिलीत की लगेच वेळ लिहून ठेवा, नाहीतर दोघांपैकी दुसरा तीच मात्रा पुन्हा देण्याचा धोका राहतो.

पाळी वाटून घ्या

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. घरात दोन मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहे. आणि तेवढ्यातच मूल गॅसपाशी पोहोचलेले असते. म्हणून दिवसाचे दोन-दोन तासांचे भाग करा. ज्याची पाळी आहे, त्याने त्या वेळात स्वयंपाक करू नये, फोन पाहू नये, दार उघडायलाही जाऊ नये. उठायचेच असेल तर ‘आता तू बघ’ असे मोठ्याने सांगावे आणि समोरून ‘हो’ आल्यावरच जागा सोडावी. रात्रीचेही असेच अर्धे-अर्धे भाग करा. मुलांना पलंगावर न झोपवता जमिनीवर गादी घालून झोपवा, म्हणजे पडण्याचे भय राहत नाही.

निरोप उघडपणे होऊ द्या

मुलांचे लक्ष दुसरीकडे वळवून आई-वडिलांनी हळूच निघून जाण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, ती टाळावी. दीड वर्षाच्या आसपास आई दिसेनाशी होण्याची भीती तीव्र असते, आणि न सांगता गेलेली आई केव्हाही नाहीशी होऊ शकते, असे मुलाला वाटू लागते. त्यांनी सांगून, हात हलवून जावे. धाकटा रडेल; त्याला कडेवर घेऊन फिरवा, पण ‘आई आत्ता येते’ असे खोटे सांगू नका. मोठीला ‘दोन वेळा रात्र होईल, मग आई येईल’ हे समजते. व्हिडिओ कॉल सकाळी करावा, झोपेच्या आधी केल्यास रडणे पुन्हा सुरू होण्याची शक्यता अधिक असते.

जेवण

या दोन दिवसांत नवे पदार्थ करून दाखवण्याचा मोह आवरा. मऊ वरणभात, तूप घातलेली मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, केळे, उपमा एवढ्यावर दोन्ही मुले आनंदाने राहतात. मूल तोंड फिरवू लागले की ताट बाजूला करावे. एखाद्या जेवणात कमी खाल्ल्याने काही बिघडत नाही. मात्र अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, बोरे आणि सीताफळाच्या बिया या वयाच्या मुलांच्या हाती लागता कामा नयेत, कारण त्या श्वासनलिकेत अडकू शकतात. चिवड्यातले दाणे सहज विसरले जातात. द्राक्षे उभी चिरून चार फोडी करून द्यावीत आणि खाताना मुलांना बसवूनच ठेवावे.

काही बिघडलेच तर

भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नका. जुलाब झाल्यास ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळून थोडे थोडे पाजा. तापात झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा कांदा काहीही घालू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. मूल सुस्त पडले, श्वास जोरात चालू लागला, लघवी बराच वेळ झाली नाही, किंवा डोक्यावर पडल्यानंतर उलट्या होऊ लागल्या, तर आई-वडिलांना फोन लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे निघा. फोन वाटेतून करता येतो.

मुले परत सोपवताना

कोणी काय खाल्ले, कोण किती झोपले, कोणते औषध किती वाजता दिले, कोठे खरचटले, हे सर्व लिहिलेला कागद आई-वडिलांच्या हाती द्या. खरचटणे किरकोळ असले तरी मोठीने सांगण्याआधी तुम्हीच सांगा. मुलांचे फोटो काढले असतील तर ते आई-वडिलांनाच पाठवावेत आणि त्यांना विचारल्याशिवाय स्टेटसला ठेवू नयेत.