रुंद पाइप आणि मेलेला पिकअप: इंटेक मॅनिफोल्डचं माप ठरवताना

दुसऱ्या वर्षाला फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग गाडी बनवून उतरवायच्या स्पर्धेच्या टीममध्ये इंटेकचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझी समज एवढीच होती: इंजिनाला जितकी हवा जास्त, तितकी ताकद जास्त, म्हणून पाइप जेवढा रुंद तेवढा चांगला. त्या समजुतीवर मी अख्खा मॅनिफोल्ड (इंजिनापर्यंत हवा नेणारी पाइपांची रचना) बनवला. फॉर्म्युला भारतसाठी, म्हणजे याच धर्तीच्या भारतातल्या स्पर्धेसाठी, कोईमतूरला निघायच्या दीड महिना आधी तो काढून ठेवावा लागला. हे काम तुमच्याकडे नव्यानं आलं असेल, तर तो दीड महिना तुमचा तरी वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं इंजिन केटीएम ३९० ड्यूकच्या आधीच्या पिढीचं. चाकणला बनतं, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच टीम तेच घेतात. एक सिलिंडर, ३७३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६० मि.मी. स्पर्धेचा नियम असा की पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मि.मी.च्या एका भोकातून, म्हणजे रिस्ट्रिक्टरमधून गेली पाहिजे. आधी थ्रॉटल (हवेची झडप), मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन. या भोकातून सेकंदाला साधारण ७४ ग्रॅमपेक्षा जास्त हवा जाऊच शकत नाही, कारण गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो आणि तिथेच अडतो.

इथे बहुतेक नवखे गडबडतात. हिशेब केला तर ९००० आरपीएमला या इंजिनाची सरासरी गरज सेकंदाला ३५ ग्रॅमच्या आत येते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. मग रिस्ट्रिक्टरचा त्रास कशाला व्हावा? कारण सिंगल सिलिंडर हवा सलग घेत नाही. दोन फेऱ्यांत एकदाच, एका घोटात ओढतो. त्या घोटाच्या क्षणी मागणी सरासरीच्या चौपट किंवा त्याहूनही जास्त होते आणि भोक अपुरं पडतं. म्हणून मध्ये प्लेनम, म्हणजे हवेची टाकी ठेवायची. घोट टाकीतून घेतला जातो आणि टाकी रिस्ट्रिक्टरमधून सावकाश भरत राहते.

हे कळल्यावर मी साडेचार लिटरचा प्लेनम केला आणि रनर, म्हणजे प्लेनमपासून इंजिनापर्यंतचा पाइप, ठेवला ४६ मि.मी. व्यासाचा, आखूड. मॅनिफोल्ड दिसायला देखणा होता. पहिल्याच चाचणीत आमचा ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "अगं, ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच ओढते. आणि हेअरपिनच्या वळणातून बाहेर काढताना पाय देतो तर उचलतच नाही."

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या आणि दोन्हींचं मूळ माझ्या मापांत होतं. थ्रॉटल बंद केला तरी टाकीतली हवा इंजिन पीतच राहतं. साडेचार लिटर म्हणजे सिलिंडरच्या बारा घोटांएवढी हवा. ६००० आरपीएमला सेकंदाला पन्नास घोट होतात, म्हणजे प्लेनम उतरायला पाव सेकंदाच्या आसपास जातो. कागदावर पाव सेकंद काहीच वाटत नाही. वळणाच्या तोंडाशी, ब्रेकवर पाय असताना, तो फार मोठा असतो. आम्ही पुढे तीन लिटरवर आलो. अगदी वरच्या आरपीएमला थोडी ताकद गेली, पण ड्रायव्हरचा गाडीवर विश्वास बसला. माझ्या मते सिंगलसाठी हा सौदा डोळे मिटून करावा.

उचलत नसल्याची तक्रार रनरच्या व्यासाची होती. हा हिशेब हातानं करून बघा, सॉफ्टवेअर नंतर उघडा. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले साठ. ५००० ला तो सेकंदाला १० मीटर येतो, ९००० ला १८. याला बोअर आणि रनरच्या व्यासांच्या गुणोत्तराच्या वर्गानं गुणलं की सक्शन स्ट्रोकमधला रनरमधल्या हवेचा सरासरी वेग मिळतो. ४६ च्या रनरमध्ये ५००० ला जेमतेम ३७ मीटर, ३८ च्या रनरमध्ये ५५. पिस्टन तळाला पोचून परत वर निघाला तरी व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. त्या वेळी जोरात येणारी हवा स्वतःच्या वेगानं आत घुसत राहते, संथ हवा मागे ढकलली जाते. खालचा दम तिथेच जातो. पण ९००० ला ३८ च्या रनरमध्ये वेग ९९ मीटरवर जातो आणि घर्षणानं वरचा दम कोंडतो. ४६ मध्ये तोच ६७ असतो.

उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांना मी नवा रनर करून मागायला गेले, तेव्हा त्यांनी जुना हातात घेऊन फिरवला. "पोरी, नळाला बोट लावलं की पाणी लांब जातं न्हवं? मग तू तोंड एवढं कशाला उघडलंस?" शास्त्र म्हणून तुलना तंतोतंत नाही, पण मला जे महिनाभर उमगलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात धरलं होतं.

मग ३८ की ४६? याचं उत्तर इंजिनात नाही, लॉगरमध्ये, म्हणजे गाडीवर आरपीएमसारखे आकडे नोंदवणाऱ्या यंत्रात आहे. आम्ही आदल्या वर्षीचा डेटा काढून आरपीएमचे तास मोजले. गाडी सगळ्यात जास्त वेळ ५५०० ते ८००० मध्ये होती. ९००० च्या वर ती फक्त ७५ मीटरच्या ॲक्सिलरेशनमध्ये आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी जायची. जिथे गाडी जगते तिथे टॉर्क हवा. डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचा सर्वांत उंच आकडा आमच्या कामाचा नव्हता. आम्ही ४० घेतला. गिअरिंग बदललं तर हे उत्तरही बदलेल, म्हणून मागचा स्प्रॉकेट ठरल्याशिवाय रनर ठरवू नका.

लांबीचं गणित वेगळं. व्हॉल्व्ह उघडला की दाब उतरल्याची लहर रनरमधून प्लेनमकडे धावते, उघड्या तोंडाशी उलटते आणि दाबाची लहर होऊन परत येते. व्हॉल्व्ह मिटायच्या आत ती पोचली तर सिलिंडर जास्त भरतो. रनर लांब असेल तर लहरीला वेळ लागतो, म्हणजे हा फायदा कमी आरपीएमला मिळतो. आखूड असेल तर वर मिळतो. १९६० च्या क्रायस्लर ३००एफ गाडीत हे सुंदर दिसतं. तिच्या व्ही-आठ इंजिनावर तीस इंची पाइप आडवे पसरलेले होते आणि ताकद ३७५ हॉर्सपॉवर होती. ४०० हॉर्सपॉवरचा पर्यायही होता. त्याचे पाइप बाहेरून तेवढेच लांब, पण आतली भिंत कापून लहरीपुरती लांबी निम्मी, पंधरा इंच केलेली.  कमी आरपीएमचा टॉर्क थोडा सोडला आणि वर ताकद मिळवली.

लांबी मोजताना सिलिंडर हेडच्या आतला पोर्ट, म्हणजे हवेचा मार्ग, धरायचा असतो, व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत. मी पहिल्यांदा फक्त बाहेरचा पाइप मोजला होता आणि माझं सगळं सिम्युलेशन त्यामुळे चुकलं. रनर आणि पोर्टचा जोडही बोट फिरवून तपासा. आमच्याकडे तिथे दीड मि.मी.ची पायरी निघाली होती.

चाचणीबद्दल एकच कळकळीची विनंती: मॅनिफोल्ड बदलला की फ्युएल मॅप (कुठल्या आरपीएमला किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) नव्यानं ट्यून करा, मगच तुलना करा. जुन्या मॅपवर नवा मॅनिफोल्ड कायम वाईटच दिसतो. त्याआधी गळती बघा. आम्ही आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालू ठेवून, रिस्ट्रिक्टरचं तोंड रबरी पट्टीनं झाकायचो. इंजिन तत्काळ बंद पडलं पाहिजे. धापा टाकत चालत राहिलं, तर कुठल्या तरी जोडातली रबरी ओ-रिंग हवा पितेय आणि डायनोवरचे आकडे फुकट जाणार.

लांबी पक्की करायला आम्ही महागडं काही केलं नाही. ॲल्युमिनियमचा सरळ रनर मुद्दाम जास्त लांब घेतला, डायनोवर रन काढला, २० मि.मी. कापला, मॅप नीट केला, पुन्हा रन. पाच तुकडे पडले. चौथ्या कापानंतर ६००० च्या आसपासची ओळ खाली यायला लागली, म्हणून तिसऱ्या कापाची लांबी धरून अंतिम रनर थ्री-डी प्रिंटरवर छापायला दिला. ते पाच तुकडे मी नंबर घालून ठेवले होते. पुण्यात कॅलिब्रेशनच्या (इंजिन ट्यून करण्याच्या) नोकरीच्या मुलाखतीला "व्यास ४० च का?" असं विचारलं, तेव्हा आलेखांच्या आधी तेच टेबलावर मांडले, आणि पुढचा पाऊण तास बोलणं फक्त त्यांच्यावर चाललं.