इंजिनाचा रिकॉल आलाय? या चुका टाळा

मोटरसायकलच्या रिकॉलचं पत्र, म्हणजे कंपनीने सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याचं पत्र, हातात पडलं की लोकांच्या दोन तऱ्हा दिसतात. एक जण "आपली गाडी तर लोण्यासारखी चालते" म्हणत पत्र खणात टाकतो. दुसरा त्याच रात्री गाडी विकायची जाहिरात लिहायला बसतो. पत्र दोघांनीही धड वाचलेलं नसतं.

दिलगिरी आणि आभार वगळले की त्यात कामाच्या तीनच गोष्टी उरतात: दोष कुठल्या भागात आहे, तो भाग गेला तर काय होतं, आणि काम होईपर्यंत गाडी चालवायची की नाही. पुढच्या बहुतेक चुका या तीन ओळींवरून नुसती नजर फिरवल्यामुळे होतात.

आवाज नाही, म्हणजे दोष नाही?

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, पत्रात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगचा उल्लेख आहे. क्रँक आणि बेअरिंगचं शेल (क्रँकला धरणारी धातूची पातळ वाटी) यांच्यात मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्यात तेलाचा पातळ थर बसतो आणि त्या थरावर क्रँक तरंगत फिरतो. ही जागा नेमकी राहावी म्हणून क्रँकवरच्या आणि क्रँककेसवरच्या (क्रँकभोवतीच्या इंजिनाच्या कवचावरच्या) खुणा जुळवून, रंगाची खूण केलेली वेगवेगळ्या जाडीची शेल निवडली जातात. तिथे निवड चुकली तर इंजिन हजारो किलोमीटर गुपचूप चालू शकतं. मग एक दिवस तेलाचा थर तुटतो, धातूला धातू घासतो आणि इंजिन सीज, म्हणजे जाम होतं. खडखड ऐकू येईलच याची खात्री नाही, आणि आली तरी थांबायला वेळ मिळेल याचीही नाही.

इंजिन जाम झालं की गिअरमध्ये असलेल्या गाडीचं मागचं चाकही जाम होतं. अशा वेळी हातात एकच उपाय असतो, क्लच दाबायचा. इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी घरंगळत बाजूला घेता येते. पण दोष गिअरबॉक्समध्ये असेल तर क्लचचा काही उपयोग नाही, कारण गिअरबॉक्स क्लचच्या पलीकडे, चाकाच्या बाजूला असतो. यामाहाने २०१५ च्या आर-वन मोटरसायकलसाठी रिकॉल काढला तो गिअरबॉक्सचाच होता. म्हणून दोषाची ओळ वाचायची. "इंजिनाचं काहीतरी आहे" एवढ्यावर थांबायचं नाही.

आणि "गाडी चालवू नका" असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ "हळू चालवा" असा होत नाही. सर्व्हिस सेंटरपर्यंत न्यायचीच असेल तर टेम्पोत घालून न्या. न्यायची सोय कंपनी करते का, हे आधी विचारा. पुष्कळदा करते, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

नंबर चुकीचा टाकणे

ही चूक मी स्वतः केली आहे. गाडी सेकंड हँड घेतलेली, त्यामुळे पत्र गेलं पहिल्या मालकाकडे. त्याने बऱ्याच दिवसांनी फोन करून सांगितलं. मी लगेच कंपनीच्या साइटवर गाडीचा चासी नंबर टाकला. उत्तर आलं, अशी नोंद सापडत नाही. मी खूश! आपली गाडी सुटली, असं धरून पुढचे दोन आठवडे ती आरामात चालवली. नंतर कागदपत्रं चाळताना लक्षात आलं की मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला होता. शून्य टाकल्याबरोबर गाडी यादीत निघाली.

चासी नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. म्हणजे गोल काही दिसलं तर ते शून्यच. कागदावर छपाई पुसट असेल तर हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, त्याच्या मुळाशी फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो; ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च तिरका धरा आणि मोबाइलवर फोटो काढा. तिथून उतरवा. इंजिन नंबर वेगळा असतो, तो इथे चालत नाही.

"नोंद सापडत नाही" आणि "या गाडीवर रिकॉल नाही" ही दोन वेगळी उत्तरं आहेत, हे एव्हाना कळलंच असेल. शंका असेल तर सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन लेखी उत्तर मागवा. नोंदणीच्या वर्षावरून अंदाज बांधू नका. यादी ठरते ती गाडी कारखान्यातून कधी निघाली त्यावरून, आणि गाडी शोरूममध्ये महिनोन्महिने उभी असू शकते.

पत्र आणि काम यांच्या मधल्या काळातले उपद्व्याप

पार्ट यायला वेळ लागतो. या काळात मालकाचे हात शिवशिवतात. कुणीतरी सांगतं, जाड ऑइल टाक, आवाज बसेल. खरंच बसतो, पण दोष तिथेच राहतो आणि तेल अरुंद जागेत पोहोचायला आणखी वेळ लागतो. ऑइलमध्ये मिसळायच्या बाटल्यांचंही तेच. बाहेर इंजिन उघडून "एकदा बघून घेऊ" हा तर निव्वळ वेडेपणा, कारण नंतर कोणता बिघाड कारखान्याचा आणि कोणता आपल्या मेकॅनिकचा, हा वाद तुम्ही जिंकणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे बॅटरी उतरू नये म्हणून रोज पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणे. बेअरिंग सगळ्यात जास्त झिजतं ते गार इंजिन सुरू करताना, तेल वर चढायच्या आधी. संशय बेअरिंगवर असताना आपण नेमकं तेच रोज करतो! शिवाय पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही. त्यापेक्षा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा किंवा मेंटेनन्स चार्जर लावा. टाकी लोखंडी असेल तर भरून ठेवा, आतून गंज धरणार नाही. गाडी पॅडॉक स्टँडवर (चाक जमिनीपासून उचलून धरणारा स्टँड) घ्या. विम्याची मुदत संपू देऊ नका, गाडी उभी असली तरी.

वॉरंटी संपली म्हणून न जाणे

रिकॉल आणि वॉरंटी वेगळ्या गोष्टी. रिकॉल गाडीतल्या दोषाशी बांधलेला असतो, मालकाशी नाही. दुसरा मालक, तिसरा मालक, बाहेर सर्व्हिसिंग केलेली गाडी, सगळ्यांना तो लागू असतो आणि सहसा एक पैसाही द्यावा लागत नाही. काउंटरवर कुणी सर्व्हिसचे पैसे मागितले तर जॉब कार्डवर रिकॉलचा क्रमांक वेगळा लिहून घ्या आणि बाकी काम नको म्हणून सांगा.

जाण्याआधी मीटरचे, टाकीचे, फेअरिंगचे (गाडीवरच्या बाहेरच्या आवरणाचे) फोटो काढून ठेवा. बाहेरचा सायलेन्सर बसवला असेल किंवा इसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग (सेटिंग) बदललं असेल तर ते आधीच सांगा. नवं सॉफ्टवेअर टाकलं की तुमचं मॅपिंग पुसलं जातं.

"नुसती बघून परत दिली!"

पुष्कळांना ही फसवणूक वाटते. रॉयल एनफील्डने मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलसाठी (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारा पार्ट) २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा त्यातल्या दहा टक्क्यांहून कमी गाड्यांत पार्ट बदलावा लागेल असा त्यांचा स्वतःचाच अंदाज होता. ठरावीक तारखांच्या मधे बनलेल्या सगळ्या गाड्या बोलवायच्या, तपासायच्या आणि सदोष तेवढ्या दुरुस्त करायच्या, अशीही पद्धत असते. तुमच्या गाडीचं काय झालं, काय मोजलं, काय बदललं, हे कागदावर मागा. "ओके आहे" हे तोंडी उत्तर गाडी विकताना कामी येत नाही.

काम झाल्यावर गाडी जुनीच समजणे

इंजिन आतून नवं झालं असेल तर रनिंग-इन, म्हणजे नव्या गाडीसारखं सुरुवातीला जपून चालवणं, पुन्हा पहिल्यापासून. पहिलं ऑइल आणि फिल्टर कधी बदलायचं ते विचारून घ्या, आणि त्या फिल्टरमध्ये धातूच्या कणांची चमक दिसली तर गप्प बसू नका. पहिली फेरी घराभोवतीच मारा आणि थोडं थांबून बघा.

सुरुवातीला सायलेन्सरच्या पाइपवरून धूर, जळकट वास येतो तो सांडलेल्या ऑइलचा. दोन-चार फेऱ्यांत गेला नाही तर गळती शोधा. पहिल्या फेरीनंतर कूलंटची पातळी जराशी उतरली असेल तर आत अडकलेली हवा निघाली असावी, इंजिन गार झाल्यावर भरा. रोजच उतरत असेल तर परत न्या. आयडलिंग वरखाली होत असेल, पिकअप अडखळत असेल, मीटरवर इंजिनाचा दिवा लागला असेल तर आधी एखाद्या सेन्सरचा कनेक्टर नीट बसलाय का ते बघायला सांगा, पुष्कळ वेळा तेवढंच असतं. वरच्या बाजूने येणारी हलकी टिकटिक ऐकून घाबरू नका, नोंद करा. खालून येणारा, अॅक्सिलरेटर पिळला की वाढणारा ठोका मात्र आला तर जागेवरच इंजिन बंद करा, "घरापर्यंत जाऊ" नको.

एक शेवटचं, जे सगळेच विसरतात. पूर्ण इंजिन किंवा क्रँककेस बदलली असेल तर इंजिन नंबरही बदललेला असू शकतो. नोंदणीच्या कागदावर आणि विम्यावर जुनाच नंबर राहिला तर पुढे गाडी विकताना किंवा क्लेम करताना गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. गाडी ताब्यात घेतानाच नवा नंबर वाचा आणि बदलाचं पत्र त्याच काउंटरवरून शिक्क्यासह घेऊन निघा.