ब्रॉडहाफपेनी डाऊनचा इतिहास सांगताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात, हॅम्बल्डन गावाबाहेरच्या टेकडीवर ब्रॉडहाफपेनी डाऊन हे जुनं क्रिकेट मैदान आहे. समोर ‘बॅट अँड बॉल’ पब, कडेला 1908 साली उभारलेली स्मारकशिळा. या मैदानाबद्दलचे बहुतेक घोळ एकाच सवयीतून होतात: अठराव्या शतकातल्या नामांकित हॅम्बल्डन क्लबच्या संघानं जे केलं ते सगळं इथंच घडलं, असं धरून चालायचं.

तिसऱ्या स्टंपचंच घ्या. तेव्हा विकेटला दोनच स्टंप असत. 1775 मध्ये प्रतिस्पर्धी गोलंदाज लम्पी स्टीव्हन्सचे चेंडू तीनदा हॅम्बल्डनचा फलंदाज जॉन स्मॉलच्या दोन स्टंपांमधून आरपार गेले. विकेट काही पडेना! स्मॉलनं सामना जिंकून दिला आणि पुढे मधला स्टंप आला. पण हा सामना लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवरचा. 1771 मध्ये हॅम्बल्डनविरुद्ध टॉमस व्हाइट स्टंप झाकले जातील एवढी रुंद बॅट घेऊन उतरला, त्यातून बॅटच्या रुंदीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आली. तेही इथं नाही, चर्ट्सीजवळ. 1777 मध्ये हॅम्बल्डननं इंग्लंडला एक डाव 168 धावांनी लोळवलं, ते सेव्हनओक्सला.

त्या ‘इंग्लंड’लाही आजचा राष्ट्रीय संघ समजू नका. ती इतर ठिकाणच्या निवडक खेळाडूंची टीम असे. ‘गावच्या पोरांनी इंग्लंडला हरवलं’ हे ऐकायला झकास, पण हॅम्बल्डन हा पैजा लावणाऱ्या धनिकांचा क्लब होता. खेळाडूंना पैसे मिळत आणि ते आसपासच्या गावांतूनही येत.

‘क्रिकेटची जन्मभूमी’ म्हणायचा मोह तर आवराच. गिल्फर्डच्या एका खटल्यात जॉन डेरिकनं शाळकरी वयात क्रिकेट खेळल्याची साक्ष दिली, ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस. हा क्लब अठराव्या शतकातला.

क्लबच्या 1796 च्या नोंदीत ‘राइट्स ऑफ मॅन’कार टॉमस पेनचं नाव पाहून हुरळूनही जाऊ नका. राजद्रोही लिखाणाबद्दल दोषी ठरलेला हा लेखक तेव्हा फ्रान्समध्ये होता. कुणीतरी थट्टा केली असावी.

प्रत्यक्ष जाणार असाल तर नकाशात नुसतं ‘हॅम्बल्डन’ टाकू नका, त्याच नावाचं गाव सरे परगण्यातही आहे. ‘हॅम्बल्डन क्रिकेट क्लब’ शोधलंत तर रिज मेडोवर पोचाल, कारण आजचा क्लब तिथं खेळतो. जुन्या क्लबनंही 1782 च्या सुमारास ब्रॉडहाफपेनी डाऊन सोडून गावाजवळचं विंडमिल डाऊन गाठलं होतं. हल्ली ब्रॉडहाफपेनी डाऊनवर ब्रॉडहाफपेनी ब्रिगंड्स हा संघ खेळतो. तेव्हा सरळ पबचंच नाव टाका.